"साखर वाढली असेल"

रात्री तीनदा उठलात. सकाळी चहा देताना बायकोनं विचारलं, "झोप नाही झाली?" तुम्ही म्हणालात, "साखर वाढली असेल." विषय संपला.

तो तिथे संपू नये म्हणून हे आवाहन. पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेहाची गोळी घेणाऱ्या प्रत्येक मराठी पुरुषाला आणि त्याची औषधांची डबी भरणाऱ्या घरच्या माणसांना. मग तो पुरुष साताऱ्यात असो, म्हापशात असो की न्यू जर्सीत.

निमित्त सांगतो. मी स्वतः बारा वर्षं मेटफॉर्मिन घेतोय. पुण्यात सकाळी फिरायला जाणारे आम्ही नऊजण, त्यातले सहा मधुमेही. महिन्यापूर्वी आमच्या ग्रुपवर एक संदेश आला: मेटफॉर्मिन घेणाऱ्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही, झालाच तर सौम्य होतो, अमेरिकेत सिद्ध झालंय, काळ्या लोकांना तर जास्तच गुण येतो. खाली चार अंगठे, दोन नमस्कार. आमच्यातल्या एकाला डॉक्टरांनी पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी सांगितली होती. त्यानं लिहिलं, "चला, सातशे रुपये वाचले."

संदेश साफ खोटा असता तर एका वाक्यात उडवून लावला असता. पण तो निम्मा खरा होता, आणि निम्म्या खऱ्याचा निकाल लावायला जरा वेळ लागतो.

मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रानझुडपात आहे. त्यातल्या द्रव्याच्या जवळचं हे रसायन 1922 मध्ये डब्लिनमध्ये तयार झालं, आणि पॅरिसच्या ज्याँ स्टेर्न यांनी 1957 मध्ये ते माणसांच्या मधुमेहावर वापरून दाखवलं. अमेरिकेनं परवानगी द्यायला 1994 उजाडलं. गोळी स्वस्त, जुनी, बहुतेकांना मानवणारी. यकृतात साखर तयार होण्याचा वेग ती कमी करते, त्यामुळे रक्तातलं इन्सुलिनही उतरतं. इन्सुलिन पेशींना वाढायला सांगणारं संप्रेरक आहे, कॅन्सरच्या पेशींनासुद्धा. मग हीच गोळी कॅन्सरलाही वेसण घालेल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला, आणि तो योग्यच होता.

2005 मध्ये स्कॉटलंडमधल्या टेसाइडच्या नोंदींवरून दिसलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कॅन्सर कमी आहे. 2013 मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातून आणखी ठळक बातमी आली. प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या 3,837 वयस्क मधुमेही पुरुषांत मेटफॉर्मिनच्या दर सहा महिन्यांच्या वापरामागे त्या कॅन्सरनं मरण्याची जोखीम 24 टक्क्यांनी कमी आढळली. आमच्या ग्रुपवरच्या संदेशाचे आजोबा हेच.

पण जुन्या नोंदी उलगडून काढलेल्या निष्कर्षांत एक खोच असते. आळंदीहून निघालेल्यांतले जे पंढरपूरला पोचले, तेवढ्यांचीच प्रकृती तपासायची आणि म्हणायचं, बघा, अडीचशे किलोमीटर चाललं की माणूस ठणठणीत राहतो. जे वाटेत आजारी पडून एसटीनं घरी परतले, ते मोजणीतच नाहीत. पाच वर्षं गोळी घेतलेला माणूस मुळात पाच वर्षं जगलेला असतो. त्याचं जगणं गोळीच्या खात्यावर मांडलं की गोळी संजीवनी दिसू लागते. मॉन्ट्रियलच्या सॅमी सुइसा आणि लॉरां अझूले यांनी 2012 मध्ये मेटफॉर्मिन आणि कॅन्सरच्या अशा कितीतरी अभ्यासांतली ही गफलत दाखवून दिली होती. याचा अर्थ सगळेच अभ्यास फोल, असं नव्हे. खात्री करायची तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला गोळी द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि वाट बघायची.

तशी वाट पाहून झाली आहे. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधल्या स्टॅम्पीड चाचणीत प्रोस्टेट कॅन्सर शरीरात पसरलेले, पण मधुमेह नसलेले 1,874 पुरुष होते. नेहमीच्या उपचारांसोबत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतले निम्मे 67 महिन्यांहून जास्त जगले, न घेणाऱ्यांतले निम्मे 62 महिन्यांहून. फरक आशा वाटावी असा, पण योगायोगानंही पडू शकेल एवढाच. कॅनडातल्या मास्ट चाचणीत कमी धोक्याचा कॅन्सर असलेल्या, नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या 408 पुरुषांपैकी निम्म्यांना मेटफॉर्मिन दिलं. रोगाची वाढ थांबली नाही. उलट लठ्ठ पुरुषांत गोळीवाल्यांची अवस्था वाईटच दिसली. दोन्ही निकाल 2024 मध्ये जाहीर झाले. आमच्या ग्रुपवर त्यांतला एकही आला नाही. "गुण आला नाही" असा संदेश कोण पुढे पाठवणार?

स्टॅम्पीडमधून एक उपयोगाची गोष्ट मात्र निघाली. या कॅन्सरसाठी पुरुषी संप्रेरक बंद करणारी इंजेक्शनं देतात, त्यांनी वजन आणि साखर वाढते. मेटफॉर्मिननं ती वाढ आटोक्यात राहिली. म्हणजे गोळी तिच्या जुन्या, ओळखीच्या कामात उत्तम. ढाल म्हणून नाही.

आता संदेशातलं शेवटचं वाक्य, काळ्या लोकांचं. मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. कारण ज्यांच्या नावानं ते लिहिलं होतं, त्यांची गोष्ट आपण ऐकली तर सातशे रुपये वाचवणार नाही.

अमेरिकेत दर आठ पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधीतरी प्रोस्टेट कॅन्सरचं निदान होतं. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण सहात एक, आणि या कॅन्सरनं होणारे मृत्यू गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट. मधुमेहही त्यांच्यात जास्त. कारण रक्तात आहे, असं मानायची पद्धत जुनी. थोडं रक्तात आहेही: आठव्या गुणसूत्राच्या एका टोकाजवळचे, जोखीम वाढवणारे काही जनुकीय फरक आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत अधिक आढळतात, हे 2006 पासून माहीत आहे. त्यामुळे कॅन्सर जास्त जणांना का होतो, याचा काही भाग उलगडतो. झालेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते वेगळं प्रकरण आहे.

इंग्लंडचे आकडे घ्या आणि स्वतः भागाकार करा. तिथे कृष्णवर्णीय पुरुषांत चारात एकाला हा कॅन्सर होतो, बारात एक त्यानं मरतो. गोऱ्यांत आठात एकाला होतो, चोविसात एक मरतो. आशियाईंत, म्हणजे तिथे मुख्यतः आपल्या उपखंडातल्यांत, तेरात एकाला होतो, चव्वेचाळिसात एक मरतो. तिन्ही ठिकाणी उत्तर जवळपास तेच येतं: ज्यांना झाला, त्यांतला साधारण तिसरा माणूस त्यानंच जातो. होण्याची शक्यता वंशागणिक बदलली. झाल्यावर रोगानं कातडी पाहिली नाही.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांची व्यवस्था आहे. तिथे पैसा, विमा, गाव कुठलं, याचा अडसर बराच कमी. त्या व्यवस्थेतल्या साठ हजार प्रोस्टेट कॅन्सर रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत या कॅन्सरनं गेलेले: कृष्णवर्णीयांत 4.4 टक्के, गोऱ्यांत 5.1 टक्के. दुप्पट मृत्यूचा डोंगर तिथे दिसतच नाही. दार सर्वांना सारखं उघडलं, आणि "त्यांच्यात रोग भयंकर असतो" या समजुतीतलं बरंचसं वारं निघून गेलं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पान पुन्हा उलटून पाहिलं.

मग बाहेर दुप्पट का मरतात? उशिरा सापडतो, उपचार अर्धवट होतात, आणि विश्वास नसतो. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये 1932 ते 1972, अशी चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी मुद्दाम औषध न देता नुसतं पाहत ठेवलं होतं. ज्यांच्या घरात ही आठवण आहे ते प्रयोगाच्या कागदावर सही करताना दहादा विचार करतात, आणि त्यांना दोष कोण देईल? पण त्यामुळे, आणि त्यांना विचारलंच कमी गेल्यामुळे, मोठ्या चाचण्यांत ते नसतात. प्रोस्टेट कॅन्सर टाळता येतो का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध चाचणीत 18,882 पुरुष होते, त्यांत कृष्णवर्णीय चार टक्क्यांच्या आसपास. ज्यांना धोका सर्वांत जास्त, ते जवळपास गैरहजर.

ही चूक सुधारण्यासाठी नॉर्थ कॅरोलायना आणि लुइझियाना या दोन राज्यांत एक प्रकल्प झाला. नुकतंच निदान झालेले कृष्णवर्णीय आणि गोरे, जवळपास समसमान, मिळून सव्वादोन हजारांच्या आसपास. परिचारिका घरोघरी गेल्या. मला हे फार आवडतं: रोग्याला बोलावलं नाही, त्याच्याकडे गेल्या. तरीही मधुमेहाच्या गोळीचा प्रश्न घेऊन अशा माहितीपुढे बसलं की हातात किती माणसं उरतात, त्याचा हिशेब करा. समजा अकराशे कृष्णवर्णीय. त्यांत पाचातला एक मधुमेही धरला तर दोनशेवीस. निम्मे मेटफॉर्मिनवर, एकशेदहा. त्यांत आक्रमक कॅन्सरवाले सहात एक धरले तर अठरा. अठरा माणसांवरून "काळ्या लोकांना जास्तच गुण येतो" म्हणायचं? आणि तेवढ्यावर पुण्यात तपासणी रद्द करायची?

आपलं तर याहून अवघड आहे. अमेरिकेच्या आकड्यांत आपण बहुतेक वेळा "आशियाई" या एकाच रकान्यात, चिनी, जपानी, फिलिपिनो मंडळींसोबत. मधुमेहात आपली तऱ्हा त्यांच्याहून वेगळी. पोट सुटलेलं, हातपाय बारीक, आणि चाळिशीत साखर. या रकान्यात प्रोस्टेट कॅन्सर कमी दिसतो, आणि न्यू जर्सीतल्या मराठी काकांना वाटतं, आपण सुटलो.

भारतातही सुटलेलो नाही. 2023 मध्ये जाहीर झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही निघाले. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एकाहून जास्त. प्रोस्टेट कॅन्सरचे नवे रुग्ण देशात वर्षाला 38 हजारांच्या घरात. जगभरात ही संख्या 2020 ते 2040 या काळात 14 लाखांवरून 29 लाखांवर जाईल, असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अंदाज आहे, आणि वाढीचा मोठा वाटा आपल्यासारख्या, आयुर्मान वाढत चाललेल्या देशांचा असेल. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत 1963 मध्ये सुरू झाली, खेड्यांतली पहिली 1987 मध्ये बार्शीला. मोजण्याची परंपरा आपली आहे. मोजले जाण्याची हौस मात्र पुरुषांना नाही.

आता मधुमेही माणसाला फसवणाऱ्या जागा सांगतो. याच कारणासाठी लिहायला बसलो.

रात्रीचं उठणं साखरेनं होतं, प्रोस्टेट वाढल्यानंही होतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या तर लघवीवाटेच साखर बाहेर टाकतात, म्हणजे फेऱ्या वाढणारच. एका कारणाआड दुसरं लपतं. आणि सुरुवातीचा कॅन्सर तर बहुधा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे "मला काही होत नाही" हेही उत्तर नव्हे.

तळपायाला मुंग्या आल्या की आपण म्हणतो, नसा गेल्या साखरेनं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्यानं बी-12 उतरतं, शाकाहाऱ्यांत अधिक, त्यानंही मुंग्या येतात. पण पाठ सतत दुखतेय, रात्री जास्त, आणि पायातला जोर अचानक गेला, तर कॅन्सर मणक्यात उतरून मज्जारज्जू दाबत असू शकतो. तिथे तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. लघवीतून रक्त आलं किंवा लघवी अडली, तरी तेच.

पीएसएचा आकडाही मधुमेह्याशी सरळ बोलत नाही. मधुमेह आणि लठ्ठपणात तो थोडा खाली दिसतो. प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड चालू असेल तर साधारण सहा महिन्यांत निम्मा होतो. म्हणजे कागदावरचा 3 हा खरा 6 असू शकतो. प्रयोगशाळेच्या कागदावर तरीही "नॉर्मल" असंच छापून येतं, कारण यंत्राला तुमच्या गोळ्या माहीत नसतात. उलट लघवीचा संसर्ग झाला असेल, आणि मधुमेह्याला तो वरचेवर होतो, तर आकडा उगाच उसळतो. संसर्ग बरा झाल्यावर सहाएक आठवडे जाऊ द्या, आदल्या दोन दिवसांत लांबची सायकल टाळा, मग रक्त द्या. चार सगळीकडे छापलेली मर्यादा आहे. ती ओलांडली की कॅन्सर आणि आत आहे की सुटका, असं दोन्ही नसतं.

एक चकवा आणखी आहे. मधुमेह्यांना प्रोस्टेट कॅन्सरचं निदान एकूण जरा कमीच होतं, हे खरं आहे. संदेशातलं खरं निम्मं ते. पण निदान झाल्यावर मधुमेही रुग्णांत मृत्यू जास्त. होण्याची शक्यता कमी, झाल्यावर धोका जास्त. इंग्लंडच्या भागाकारासारखंच, होणं आणि झाल्यावरचं हे दोन वेगळे हिशेब.

तेव्हा माझं मागणं असं. मेटफॉर्मिन चालू असेल तर सोडू नका. साखर नसताना कॅन्सर टळावा म्हणून सुरूही करू नका, औषधाच्या दुकानातून परस्पर तर नाहीच. पन्नाशी झाली असेल तर डॉक्टरांपुढे पीएसएचा विषय तुम्ही काढा, ते काढतील म्हणून थांबू नका. वडील, भाऊ, काका यांना हा कॅन्सर झाला असेल, किंवा आई-बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा, तर पंचेचाळिशीतच. कृष्णवर्णीय पुरुषांसाठी अमेरिकेतले तज्ज्ञ आता चाळीस ते पंचेचाळीस सांगतात. न्यू जर्सीकरांनो, शेजाऱ्याला हे सांगायला हरकत नाही. सत्तरीनंतर सरसकट तपासणी करत सुटू नये, तिथे प्रकृती पाहून ठरवायचं. आणि आकडा वाढला म्हणून लगेच सुरी नसते. एमआरआय असतो, गरज पडल्यास सुईनं तुकडा घेणं असतं, त्याआधी साखर ताळ्यावर आणावी लागते. कमी धोक्याच्या कॅन्सरवर तर पुष्कळदा नुसती देखरेख. ज्यांना संप्रेरकाची इंजेक्शनं सुरू आहेत त्यांनी दर तीन महिन्यांनी साखर पाहावी, आधी मधुमेह नसला तरी.

परदेशातल्या मराठी मंडळांना वेगळी विनंती. तिथल्या अभ्यासात नाव नोंदवायची संधी आली तर घ्या, आणि फॉर्मवर नुसतं "आशियाई" न लिहिता जिथे जागा असेल तिथे "भारतीय" लिहा. हृदयरोगासाठी सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोत दक्षिण आशियाईंचा मसाला नावाचा अभ्यास 2010 पासून चालला आहे, नऊशेवर माणसं पुढे आली म्हणून. प्रोस्टेटसाठी का येऊ नयेत? इथल्या डॉक्टरांनाही हात जोडून सांगणं: कॅन्सरच्या फाइलवर मधुमेहासाठी "डीएम" एवढंच लिहून थांबू नका. कोणती गोळी, किती वर्षं, तेही लिहा. उद्या कुणी मोजायला बसलं तर आमची अठरा माणसं तरी सापडतील.

घरच्यांना: रविवारी फाइल काढा. पहिल्या पानावर औषधं, सुरू केल्याचं साल, शेवटचा पीएसए आणि घराण्यातले कॅन्सर लिहा. मी माझं पान लिहिलं. मेटफॉर्मिन, बारा वर्षं. पीएसए, मागच्या महिन्यातला. थोरले काका, प्रोस्टेट, निदानानंतर दीड वर्ष. आजोबांच्या पुढे काय लिहायचं ते आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना लघवीचा त्रास होता. साखर होती ना."